धर्माधिकारी गुरुजींचा मुका टॅब

लिंबोणी वस्तीवर घड्याळं नव्हती असं नाही, पण ती बघायची कुणाला फारशी गरज पडत नसे. शाळेतून नृसिंह धर्माधिकारी गुरुजींचा 'बे एके बे' ऐकू आला की विहिरीवरच्या बाया हंडे उचलत आणि कांद्याच्या रानातला गोरक्ष न्याहारीला बांधावर येई. शाळा ते गोरक्षचं रान म्हणजे मध्ये एक ओढा आणि लिंबाची अख्खी बाग. तरी पाढा स्वच्छ ऐकू येई. गोरक्षनं लहानपणी शाळा बुडवून त्या रानात गुरं राखली होती, आणि तो सांगे की सतरापर्यंतचे पाढे त्याला गुरं राखता राखताच पाठ झाले, कारण ते ऐकल्याशिवाय तिथं दुसरा इलाज नव्हता.

नगरकडच्या कर्जत तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत तिसरी-चौथी, ती अश्विनी मॅडमकडे. दुसरीत पहिली-दुसरी, ती गुरुजींकडे. मुख्याध्यापकही तेच. मधल्या भिंतीचं गुरुजींच्या आवाजापुढं काही चालत नसे. अश्विनी मॅडमची चौथीची पोरं भागाकार करता करता मध्येच बाराखडी म्हणू लागत, आणि मॅडम कपाळाला हात लावून बसत.

गुरुजींची शिकवायची रीत सरळ होती. गुरुजी एक ओळ म्हणणार, पोरं ती ओळ म्हणणार. धडा असो, कविता असो, शब्दांचं वाचन असो, गुरुजी पुढं आणि पोरं मागं. गुरुजींचे वडीलही मास्तर होते. ते म्हणत, मास्तरचा गळा म्हणजे मास्तरची शेती. गुरुजींनी ती शेती जन्मभर नांगरली आणि कधी पडीक ठेवली नाही.

गेल्या पावसाळ्यात वस्तीनं वर्गणी काढून शाळेला चार टॅब घेऊन दिले. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो निघाले. मग गुरुजींनी ते टॅब जडसंग्रहाच्या, म्हणजे शाळेच्या सामानाच्या, नोंदवहीत चढवले, कपाटात ठेवले आणि कपाटाची चावी जानव्याला बांधून टाकली. यात गुरुजींचा कंजूषपणा नव्हता, भीती होती. सरकारी शाळेत जी वस्तू नोंदवहीत चढते ती हरवण्याची आणि फुटण्याची काळजी मुख्याध्यापकाच्या उरावर बसते. म्हणून आपल्याकडं नकाशे, पेट्या, तबले, सगळं कपाटात सुखरूप राहतं आणि सुखरूपच म्हातारं होतं. अश्विनी मॅडम आठवड्यातून एकदा चावी मागत. गुरुजी म्हणत, "देतो ना. पोरांना जरा शिस्त लागू द्या." पोरं पहिलीतली होती. त्यांना शिस्त लागायची म्हणजे ती बारावीत जायला हवी होती.

कपाट उघडलं ते गुरुजींच्या घशामुळं.

ऑगस्टमध्ये आवाज बसला. गुरुजींनी ज्येष्ठमध चघळलं, हळद-दूध घेतलं, मिठाच्या गुळण्या केल्या. आवाज आणखी खरखरीत झाला. शेवटी त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी त्यांना नगरला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नळी घालून घसा बघितला आणि सांगितलं की स्वरतंतूवर गाठ आहे. साधी आहे, घाबरू नका, पण काढावी लागेल. त्यानंतर काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही. नंतर आवाज येईल, पण बारीक येईल, आणि ओरडायचं ते कायमचं बंद.

परतीच्या वाटेवर मिरजगावपर्यंत गुरुजी बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिले. घरी आल्यावर म्हणाले, "दोन वर्षं राहिलीत. स्वेच्छानिवृत्ती घेतो."

अंबिकाबाई म्हणाल्या, "घसा कापायचाय, जीभ नाही. एवढी काय घाई?"

"आवाज नाही तर मास्तर कसला? वर्गात नुसता बसून पगार घेऊ?"

अंबिकाबाईंना नवऱ्याचा स्वभाव ठाऊक होता. त्यांनी वाद घातला नाही. दिवाळीपर्यंत थांबा, दिवाळीला ठरवू, एवढंच त्यांनी कबूल करून घेतलं. गुरुजींनी मान डोलावली, पण मनात त्यांचं ठरल्यासारखंच होतं. ज्या घरात तीन पिढ्या शिकवण्यावर जगल्या त्या घरातला माणूस वर्गातून असा मागच्या दारानं निघणार, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं. 

अश्विनी मॅडमना हे कळलं तेव्हा त्यांनी पुन्हा चावी मागितली. या वेळी कारण वेगळं सांगितलं. "गुरुजी, ऑपरेशनच्या आधी तुमचे धडे टॅबवर रेकॉर्ड करू. तुम्ही गप्प बसा, टॅब बोलेल."

गुरुजींनी थोडा विचार केला आणि जानव्याची गाठ सोडली.

शाळा सुटल्यावर रेकॉर्डिंग सुरू झालं. बाहेर वारा, शेळ्या, गोरक्षचा ट्रॅक्टर. आवाज आत येऊ नये म्हणून शाळेत खिचडी शिजवणाऱ्या छबूबाईंनी घरच्या गोधड्या आणून दारं-खिडक्यांना टांगल्या. दिवसाउजेडी शाळेच्या खिडक्यांना गोधड्या बघून गोरक्ष विचारपूस करायला आला. कुणी आजारी हाय का, म्हणून त्यानं दारातली गोधडी बाजूला केली, तर आत रिकाम्या वर्गापुढं गुरुजी हातवारे करून धडा शिकवत होते. गोरक्षनं गोधडी हळूच सोडली आणि वस्तीवर सांगितलं की गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, पण कुनी त्यांच्याम्होरं बोलू नका.

रिकाम्या वर्गाला शिकवायची गुरुजींना सवय नव्हती. धडा म्हणता म्हणता ते मध्येच थबकत आणि नेहमीसारखं म्हणत, "सृष्टी, खिडकीबाहेर काय आहे?" सृष्टी तेव्हा घरी शेंगा फोडत बसलेली असे. मॅडमनी ते तसंच राहू दिलं. त्यांचा हा निर्णय फार शहाणपणाचा ठरला. ऑपरेशन झालं, गुरुजी गप्प झाले, वर्गात टॅब लागले, आणि दुसऱ्याच धड्याला टॅबमधले गुरुजी गरजले, "सृष्टी, खिडकीबाहेर काय आहे?" सृष्टी खरंच खिडकीबाहेर बघत होती. ती दचकून सरळ बसली. वर्गात कुजबूज झाली की गुरुजी टॅबमधूनबी बघत्यात. त्या दिवसापासून टॅबपुढं कुणी खोडी काढेना.

डॉक्टरांनी रजा लिहून दिली होती, पण घरी बसून गुरुजींना करमेना, म्हणून ते रोज येऊन वर्गात मागं बसत. टॅब ओळ म्हणे, पोरं ओळ म्हणत. गाडी रुळावरून सुरळीत चालली होती. गुरुजींना आनंद झाला आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदमच. पोरं म्हणत होती ते बरोबर होतं, चाल बरोबर होती, जोर बरोबर होता. मग इथं माझं काय काम, हा प्रश्न त्यांना छळू लागला. एके दिवशी त्यांनी घरी पाटीवर लिहून अंबिकाबाईंना दाखवलं, 'टॅब चांगला शिकवतो. आता मी गेलो तरी चालेल.' अंबिकाबाईंनी पाटी पुसली आणि तीवर भाजीची यादी लिहून त्यांना बाजारात पिटाळलं.

या सगळ्यात वर्गाची शान होती ज्ञानेश्वरी. दुसरीतली, छबूबाईंची नात. आवाज खणखणीत, आजीवर गेलेला. गुरुजींची ओळ संपायच्या आत तिची सुरू होई. केंद्रप्रमुख आले की गुरुजी तिलाच उभं करत, आणि ती पुस्तक हातात धरून धडा असा घडाघडा वाची की साहेब वहीत 'उत्तम' लिहून चहाला मोकळे होत. आता टॅबपुढंही तीच पुढारी होती.

मग खंडेनवमी आली. शाळेत त्या दिवशी पाटीपूजन असतं. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढायची, हळद-कुंकू, झेंडूची फुलं, शेवटी तांब्यातलं पाणी फुलानं शिंपडायचं. अश्विनी मॅडम त्या दिवशी प्रशिक्षणाला कर्जतला गेल्या होत्या. चौथीची पोरं बाहेर तोरण बांधत होती. पूजेचा ताबा छबूबाईंनी घेतला.

"ह्या वर्साला टॅब बी मांडा," त्या म्हणाल्या. "गोरक्ष ट्रॅक्टरला हार घालतो. आमच्याकडं शिलाई मशीनला, मोटारीला, समद्यांना हळद-कुकू असतंय. मग ज्यानं लेकरांना शिकवलं त्याला नको व्हय?"

या बोलण्यात खोट काढणं कुणालाही अवघड गेलं असतं, आणि गुरुजी तर मुके होते. चारही टॅब पाटावर मांडले गेले. छबूबाईंचा हात खिचडीच्या मिठाला जसा सढळ, तसाच हळद-कुंकवालाही सढळ. जिथून आवाज येतो त्या भोकांवर त्यांनी मुद्दाम चिमूटभर जास्त वाहिलं, कारण देव बोलतो तिथं पूजा पोचली पाहिजे. गुरुजींनी दोन्ही हात हलवून नको नको केलं. छबूबाईंना वाटलं गुरुजी आशीर्वाद देतायत. त्यांनी नमस्कार केला आणि तांब्या जवळ ओढला.

गुरुजी धावत फळ्याकडे गेले आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, 'पाणी नको.'

छबूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नातीकडं बघितलं. "काय लिवलंय गं गुरुजींनी?"

ज्ञानेश्वरी उभी राहिली, फळ्याकडं बघितलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "पाणी शिंपडा."

आणि छबूबाईंनी शिंपडलं. पहिलीची पोरं अजून 'पाणी'पर्यंतच पोचली होती, दुसरीची झेंडूच्या पाकळ्यांवरून भांडत होती, त्यामुळं कुणीच काही बोललं नाही. गुरुजी फळ्यापाशी खडू हातात धरून उभे राहिले. टॅबवर पाणी पडताना त्यांनी बघितलं, पण खरं म्हणजे ते ज्ञानेश्वरीकडं बघत होते. पोरीनं थट्टा केली नव्हती. दरवर्षी हळद-कुंकवानंतर पाणीच असतं, म्हणून फळ्यावरही तेच असणार असं तिनं धरलं होतं. तिच्या तोंडावर बरोबर उत्तर दिल्याचा नेहमीचा आनंद होता.

दसरा झाला, शाळा भरली, टॅब लागले. चित्र दिसत होतं, पण आवाज नव्हता. कर्जतच्या दुरुस्तीवाल्यानं आतून ओलं कुंकू काढून दाखवलं आणि स्पीकर दिवाळीनंतर मिळतील म्हणून सांगितलं. म्हणजे मागं बसलेले गुरुजी मुके आणि पुढं टॅबमधले गुरुजीही मुके. टॅबमधले फळ्यावर छडी फिरवत होते, तोंड उघडत होते, आणि ऐकू काही येत नव्हतं. पोरं हसून हसून लोळली. अश्विनी मॅडम भिंतीपलीकडून बघायला आल्या आणि त्याही हसल्या.

"मी म्हनते, मी म्हनते," ज्ञानेश्वरी पुढं झाली आणि मुक्या गुरुजींना आपला आवाज दिला. ओळ न् ओळ बरोबर. वर्गानं टाळ्या वाजवल्या.

गुरुजींच्या मनात खंडेनवमीपासून जे सलत होतं ते त्यांनी तेव्हाच करून बघायचं ठरवलं. ते पुढं आले आणि त्यांनी टॅबवर दुसराच धडा लावला. फळ्यावरचे शब्द वेगळे, चित्र वेगळं. ज्ञानेश्वरीनं टॅबमधल्या गुरुजींच्या हाताकडं बघितलं आणि पहिलाच धडा पुन्हा तोंडपाठ म्हणून दाखवला, तितक्याच जोरात. मग गुरुजींनी तिला जवळ बसवलं, टॅबवर बोटानं 'शेळी' लिहिलं आणि थांबले. तिनं अक्षराकडं बघितलंच नाही. ती गुरुजींच्या ओठांकडं बघत राहिली. ओठ हलले असते तर तिनं तो शब्द त्यांच्याआधी म्हटला असता. ओठ हलले नाहीत.

"कमळ?" ती हळू आवाजात म्हणाली. वर्गातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या पोरीचा हळू आवाज गुरुजींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

गुरुजींचे डोळे भरून आले. पोरीचा यात काडीचा दोष नव्हता. दीड वर्ष गुरुजी म्हणाले तसं ती म्हणाली. तिची स्मरणशक्ती अशी सोन्यासारखी, की तिला वाचायची कधी गरजच पडली नाही. आणि गुरुजींच्या आवाजाखाली तिचं न वाचणं असं झाकून गेलं होतं की ज्यांनी झाकलं त्यांनाही ते दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी स्वतःचा मोबाईल पिशवीतून बाहेर काढला. तो त्यांच्या मुलानं, अनीशनं, पुण्याहून पाठवला होता. धुळीनं खराब होऊ नये म्हणून गुरुजी तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवत आणि वाजला तर पिशवीसकट कानाला लावत. आता मधल्या सुट्टीत मोबाईल घेऊन ते ज्ञानेश्वरीबरोबर वस्तीवर हिंडू लागले. शेळीचा फोटो काढला, तिच्या बापाच्या टेम्पोचा काढला, गोरक्षच्या मिशांचा काढला. गोरक्षनं कारण विचारलं नाही, गुरुजींच्या डोक्याविषयी त्याचं मत आधीच झालेलं होतं. अश्विनी मॅडमनी ते फोटो टॅबवर घेऊन दिले आणि प्रत्येकाखाली गुरुजी बोटानं शब्द, मग वाक्यं लिहू लागले. पुस्तकातले धडे ज्ञानेश्वरीला पाठ होते. 'गोरक्षच्या मिशा' हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ते वाचूनच म्हणावं लागे.

पहिले काही दिवस ती रुसली. अक्षरावर बोट ठेवी आणि गुरुजींकडं बघे. गुरुजी तिच्या बोटाकडं बघत. बोलायला बंदी नसती तर त्यांनी तिला शंभर वेळा सांगून टाकलं असतं, आणि तिनं ते शंभर वेळा म्हटलं असतं. आता थांबण्यावाचून त्यांच्या हातात काही नव्हतं. मग हळूहळू एकेक अक्षर सुटत गेलं. ज्या दिवशी तिनं 'टेम्पो' आपला आपण वाचला, त्या दिवशी ती टॅब घेऊन वस्तीभर पळत गेली, आणि नोंदवही, जडसंग्रह वगैरे सगळं विसरून गुरुजी नुसते हसत बघत राहिले.

दिवाळीच्या सुट्टीला थोडे दिवस उरले असताना डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. आवाज खरंच बारीक आला होता, करडासारखा. दुसऱ्या दिवशी गुरुजी वर्गात आले. ज्ञानेश्वरी टॅब घेऊन त्यांच्या शेजारी बसली होती. फोटो तिच्या आजीच्या खिचडीच्या पातेल्याचा होता. खाली गुरुजींनी मुकेपणाच्या दिवसांत लिहिलेलं एक वाक्य होतं. कित्येक वर्षांत जे छबूबाईंच्या तोंडावर बोलायची अख्ख्या शाळेत कुणाची छाती झाली नव्हती, ते गुरुजींनी तेव्हा निर्धास्त लिहून टाकलं होतं. आणि नेमक्या त्याच वेळी छबूबाई ताटं घेऊन दारात उभ्या होत्या.

"आजीच्या... खिचडीत... मीठ..." ज्ञानेश्वरी वाचत आली आणि अडली. पुढं जोडाक्षर होतं. तिनं अक्षरावर बोट ठेवलं आणि सवयीनं गुरुजींच्या तोंडाकडं बघितलं.

शब्द गुरुजींच्या जिभेवर आला. आता बंदी नव्हती, आवाजही होता. जन्माची सवय आतून धक्के मारत होती की सांगून टाक, पोर अडलीय. गुरुजींनी ओठ घट्ट मिटले आणि तिच्या बोटाकडं बघत बसले.  बाहेर कुठंतरी ट्रॅक्टर चालू झाला आणि लांब गेला.

"जा... स... त... जास्त," ती म्हणाली. मग एका दमात, आपल्या खऱ्या आवाजात, "आजीच्या खिचडीत मीठ जास्त असते."

छबूबाईंनी ताटं खाली ठेवली. "खरंच तसं लिवलंय व्हय गुरुजी? का ही पोरगी मनानंच म्हनती?"

"लिहिलंय," गुरुजी त्या नव्या बारीक आवाजात म्हणाले. ऑपरेशननंतर वर्गात उच्चारलेला त्यांचा हा पहिला शब्द. "मीच लिहिलंय, छबूबाई. आणि तिनं अक्षर न् अक्षर वाचलंय."

छबूबाई नातीजवळ आल्या. त्यांच्या घरात अजून एकही बाई वाचायला शिकलेली नव्हती. त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "वाचलंस ते लई ब्येस केलंस. पन मीठ काय जास्त न्हाई."

त्या संध्याकाळी अंबिकाबाईंनी चहाचा कप पुढं ठेवला आणि विचारलं, "दिवाळी आली. काय ठरलं तुमचं?"

गुरुजींनी चहा बशीत ओतला, फुंकर घातली.

"जमणार नाही सोडायला," ते म्हणाले. "ज्ञानेश्वरीचं कळलं. बाकीच्यांचं अजून कुठं कळलंय मला?"